मधली वाट राजाची

पासष्टी उलटली की सोलमध्ये राजवाड्यांचं तिकीट पडत नाही, म्हणून माझी सकाळ ग्योंगबोक राजवाड्यातच जाते. तिथली खरी मालकीण ओक-बुन. जन्मभर तिने सणासुदीचे हानबोक पोशाख शिवले आणि आता पंच्याहत्तरीत ती पाहुण्यांना राजवाडा दाखवते. त्या बुधवारी तिची परीक्षा होती. राजवाड्याचे नवे साहेब पाहुण्यांबरोबर फिरून ऐकणार आणि म्हातारी चुकली तर गळ्यातलं ओळखपत्र काढून घेणार.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"घाबरायचं त्यांनी. घर माझं आहे."

सिंहासनाच्या दालनासमोर तीन पट्ट्यांची दगडी वाट आहे. मधली उंच पट्टी फक्त राजाची, हे ओक-बुन सांगत होती तोच साहेब वहीत टिपत टिपत नेमके त्याच पट्टीवरून चालू लागले. ओक-बुन थबकली आणि तिने कमरेत वाकून मुजरा केला.

"महाराज, राज्याभिषेक कधी झाला? आम्हाला बोलावलंसुद्धा नाही!"

हशा पिकला. साहेब कानापर्यंत लाल होऊन खाली उतरले. "चुकलो, आजी."

"असू दे. पूर्वेच्या पट्टीवर या. ती दरबारातल्या लेखणीवाल्यांची."

तिथेच उभं राहून साहेबांनी तिला पास केलं.

आता आतली गोष्ट सांगतो, पण माझं नाव घेऊ नका. सगळे गेल्यावर ओक-बुन बाईसाहेब हात मागे बांधून मधल्या पट्टीवरून डुलत आल्या. मी डोळे वटारले, तर म्हणते कशी, "बघतोस काय? आजच्या दिवस चालतं."