काटा म्हणाला, दहा

धुकं असं दाट उतरलं होतं की नळाच्या रांगेत पुढच्या माणसाची नुसती पाठ दिसे. हमालाला तेवढी पुरे होती. माणसं तो पाठीवरूनच ओळखी, आणि तोंडाला फडकी बांधल्यापासून तर सगळ्या वस्तीचं तोंड एकच झालं होतं. त्याने पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरले, घरी आणून टेकवले. बायको स्टोपाशी वाकलीय असं बघून त्याने हळूच तांदळाच्या डब्याचं झाकण उचललं. तळ दिसत होता. रेशन मिळून आज तर कुठे नववा दिवस.

बाजारात त्याला ‘काटा’ म्हणत. पोतं पाठीवर घेतलं की हा आकडा सांगायचा, तराजूने नंतर फक्त मान डोलवायची. साथ आली, बाजाराला कुलूप लागलं, आणि मजुरांना दर पंधरवड्याला घरटी दहा किलो तांदळाचं शिवलेलं पोतं मिळू लागलं. पहिल्याच वाटपाला कुणी तरी म्हणालं, “वजन करा.” कारकून खेकसला, “एवढा वेळ आहे का?” मग लोकांनी काट्यालाच पुढे केलं. तापातून उठून त्याला आठ दिवसही झाले नव्हते. तरी त्याने पोतं पाठीवर टाकलं, दोन पावलं चालला आणि म्हणाला, “पुरे दहा.” संपलं. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही.

दहा किलो आले खरे, मग जातात कुठे? खाणारी तोंडं चार: नवरा-बायको, दोन पोरी. पलीकडच्या गल्लीत मेहुणा होता, रंगारी, हाताला काम नसलेला. बायको दुपारी पदराखाली काही नेते का, यावर काटा नजर ठेवू लागला. झाकण वाजलं की याचे कान टवकारत. पोरीने ढेकर दिला तरी याला वाटे, काय खाल्लं हिने?

बायकोच्या ते ध्यानात आलं नसतं तरच नवल.

“सकाळी डब्यात काय शोधत होता?”

“तुझ्या भावाची तब्येत बरी दिसते हल्ली,” तो म्हणाला.

ती ताडकन उठली. “चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा भाऊ दोन महिन्यांत या दारात आला नाही. पोतंच कमी असेल.”

“माझ्या पाठीला शिकवतेस?”

ती रेशनचं रिकामं पोतं घेऊन मोरीकडे गेली, तिकडे काही खुडबुड केली आणि तोंड बांधलेलं पोतं त्याच्यापुढे आणून आदळलं. “घ्या पाठीवर. किती?”

त्याने घेतलं. खांदा खाली गेला. दोन पावलं चालला. “चौदा.”

“नक्की?”

“एक छटाक इकडे नाही की तिकडे.”

तिने पोत्याचं तोंड सोडलं. आत सकाळचेच दोन कॅन. पाच आणि पाच.

काटा खाटेवर बसला. दहाचं ओझं जर चौदाचं वाटत असेल, तर जे दहाचं वाटलं ते सात. आणि तेच पोतं सबंध वस्तीने याच्या शब्दावर निमूट घरी नेलं होतं. तिसऱ्यांदा.

“पुढल्या आठवड्यात वाटप आहे ना?” बायको हळूच म्हणाली. “सांगून टाका.”

“रांगेत बाजारातला मुकादम असतो. बाजार उघडल्यावर मोडक्या पाठीला कोण बोलावणार?”

“आणि नाही सांगितलंत तर?”

त्याने दाराकडे बघितलं. पोरी दाराशी भातुकली मांडून बसल्या होत्या, आणि धाकटी थोरलीला सांगत होती, “एवढंच वाढ, उद्याला नको का?”

वाटपाच्या दिवशी कारकुनाने पोतं सरकवलं. काट्याने ते उचललंच नाही. “साहेब, हे तराजूवर घाला.”

मागून एक म्हातारा हसला. “अरे, काट्याला काटा लागतोय!”

“लागतो, आजोबा. माझी पाठ खोटी पडलीय. मी दहा म्हणालो, ते चुकलं. माझ्या भरवशावर राहू नका.”

भंगारवाल्याने स्प्रिंगचा ताणकाटा आणला. पोतं लटकलं. सव्वासात. दुसरं सात. कारकून म्हणाला, “गोदामातूनच असं येतं, मला काय माहीत!” त्याच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण त्याच्याशी भांडतही कुणी बसलं नाही. माणसं तिथेच फूटफूट अंतर सोडून मांडी घालून बसली. दुपारी सुटं धान्य घेऊन टेम्पो आला. प्रत्येकाचं पोतं ताणकाट्याला लटकवून तूट भरून दिली. मागच्या तीन पोत्यांचं मात्र कुणी बोलेना.

मुकादम जाताना काट्याजवळ थांबला. वरपासून खालपर्यंत बघितलं. “जेवत जा नीट,” म्हणाला. बाजार उघडल्यावर ये, असं काही म्हणाला नाही.

काट्याने पोतं हातगाडीवरून घरी आणलं. बायकोने डब्यात ओतलं. तो तिकडे बघणार होता, पण बघितलं नाही.

“स्टो पेटत नाहीये सकाळपासून,” ती म्हणाली.

त्याने स्टो पुढे ओढला आणि पिन घेऊन बर्नरमधली काजळी काढायला बसला.