सांत्वनसरांचा टाइम-आउट

सर व्हॉलीबॉलचे कोच झाले ते निव्वळ उंचीमुळे. शिकवायचे भूगोल. नवे प्राचार्य आले त्या दिवशी सर स्टाफरूमच्या दारातून मान वाकवून आत शिरत होते, ते त्यांनी पाहिलं आणि व्हॉलीबॉल खेळता का म्हणून विचारलं. सरांनी स्वच्छ 'नाही' सांगितलं. प्राचार्यांना तो विनय वाटला. दुसऱ्या दिवशी मुलींच्या टीमच्या कोचपदी नेमणूक झाल्याचा कागद सरांच्या टेबलावर होता.

सर कामचुकार नव्हते. नियमांचं पुस्तक आणून त्यांनी ते अभ्यासलं. जेवणाच्या टेबलावर सहा वाट्या मांडून खेळाडूंनी जागा कशा बदलायच्या ते घोकलं, त्यात लोणच्याची वाटी नेहमी नेटजवळ यायची आणि बायकोला मीठ सापडायचं नाही. एवढं करूनही खेळ काही त्यांच्या अंगाला लागला नाही. पण पहिल्याच स्पर्धेत टीम पहिल्याच फेरीत हरली, मुली रडायला लागल्या, सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि बोलू लागले, तेव्हा त्यांना आपला खरा विषय सापडला. भूगोल नव्हे आणि व्हॉलीबॉलही नव्हे. सरांचा विषय सांत्वन.

काय बोलायचे सर! हरणं म्हणजे काय, मनाला किती लावून घ्यायचं, सूर्यसुद्धा रोज मावळतोच की, असं काहीतरी असायचं. शब्द साधेच, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला आपल्याच पाठीवरून हात फिरतोय असं वाटावं. टीम दर वर्षी पहिल्या फेरीत हरायची आणि सर दर वर्षी बोलायचे. मुली त्यांना पाठीमागे सांत्वनसर म्हणायच्या. गल्लीतही कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा फ्रिज बंद पडला, की सरांना बोलावणं यायचं. शेजाऱ्यांची स्कूटर चोरीला गेली तेव्हा सर त्यांच्याकडे तासभर बसले. ते गेल्यावर शेजारी बायकोला म्हणाले, की गेली ते बरंच झालं, फार अडकलो होतो मी तिच्यात.

पण कला अंगात आली की तिला दम धरवत नाही. सर हळूहळू मॅच संपायची वाट बघेनासे झाले. टीम दोन पॉइंटनी मागे पडली की ते टाइम-आउट घ्यायचे आणि त्या अर्ध्या मिनिटात मुलींचं असं काही सांत्वन करायचे की त्या डोळे पुसत कोर्टात परतायच्या. भरल्या डोळ्यांना बॉल दिसतो होय? टीममध्ये एक ताडमाड मुलगी होती, तिला सगळे टॉवर म्हणायचे. गेल्या वर्षी टाइम-आउट संपल्यावर तिने सरळ बूट काढायला घेतले. तिला वाटलं, मॅच संपली. स्कोअर तेव्हा अठरा-वीस होता.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अडचण झाली ती सरांची मुलगी त्याच कॉलेजात आली आणि टीमची कॅप्टन झाली तेव्हा. मुलीने आपल्या कॉलेजात यावं, आपल्या टीममधून खेळावं, म्हणून सर ती सातवीत असल्यापासून देव पाण्यात घालून बसले होते. मुलगी मात्र सांत्वनावरच वाढलेली. पहिलीत असताना धावण्याच्या शर्यतीला ती रेघेवर वाकून उभी होती, शिट्टी वाजायची होती, आणि सरांनी जवळ येऊन तिच्या कानात सांगितलं होतं की शेवटची आलीस तरी तू माझीच गुणाची बाळ आहेस. ती शेवटची आली.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात जेवताना तिने ताट बाजूला सारलं.

"बाबा, यंदा टाइम-आउट घ्यायचा नाहीस. आणि आम्हाला धीर द्यायचा नाहीस. मॅच चालू असताना नाही, संपल्यावरही नाही."

"अगं, पण पोरी खचतात. कुणीतरी चार शब्द—"

"तुझ्या चार शब्दांनीच खचतात. मी जिंकेन असं तुला कधी वाटलंय का? एकदा तरी?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खरं उत्तर 'नाही' असं होतं. तिच्यावर जीव होता, तिच्यासाठी वाट्टेल ते केलं असतं, पण ती जिंकेल असं काही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. ती पडली तर झेलायला आपण खाली उभं असावं, इतकंच त्यांना ठाऊक. मुलीने ते तोंड मिटणं पाहिलं. मग तिने शांतपणे सांगितलं, की या स्पर्धेत एक शब्द जरी निघाला तरी ती नाव काढून घेईल आणि पुलापलीकडच्या कॉलेजातून खेळेल. ते तिला कधीपासून बोलावत होते.

सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोला मात्र नवऱ्याची कीवही आली आणि हसूही आवरेना. तिने लिमलेटच्या गोळ्यांचा डबा त्यांच्या पिशवीत टाकला. तीन गोळ्या एकदम तोंडात धरल्या की माणसाला बोलता येत नाही, असं तिने सांगितलं, आणि हे आपल्याला लग्नानंतर लगेच का सुचलं नाही याची हळहळही व्यक्त केली.

पहिल्या फेरीची मॅच सुरू झाली. नेहमीप्रमाणे टीम चार पॉइंटनी मागे पडली. सरांचे हात आपोआप टाइम-आउटच्या खुणेसाठी वर गेले. पंचांनी पाहिलं, मुलीनेही पाहिलं. सरांनी तेच हात पुढे नेऊन हवेतला एक डास मारला, मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांवर बसले आणि तोंडात तीन गोळ्या कोंबल्या. पोटातून सांत्वन वर येत होतं आणि गोळ्यांशी अडत होतं. गाल फुगले, चेहरा लालबुंद झाला, डोळे बाहेर आले.

कोर्टातून मुलींनी बाकाकडे पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. अटीबद्दल कॅप्टनने त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. सर आणि राग ही जोडी आजवर कुणी पाहिलेली नव्हती. टॉवर तर बॉल आला की डोळे मिटून घेणारी मुलगी. त्या दिवशी तिला मिटलेल्या डोळ्यांसमोर सर दिसायला लागले, म्हणून तिने ते उघडे ठेवले, आणि उघड्या डोळ्यांनी बॉल अडवणं बरंच सोपं असतं हे तिला कळलं. टीमने तो सेट घेतला, पुढचाही घेतला आणि मॅच संपली. आपण जिंकलो हे मुलींना स्कोअरबोर्डकडे दोनदा बघितलं तेव्हा पटलं.

आता पंचाईत अशी, की दुसऱ्या दिवसाची तयारी कुणाचीच नव्हती. आजवर संध्याकाळी घरी पोचायची सवय. कपड्यांचा दुसरा जोड नाही, टूथब्रश नाही. मुलींनी यजमान कॉलेजच्या हॉस्टेलात जर्सी धुऊन पंख्याखाली टांगल्या. बसच्या ड्रायव्हरने घरी फोन करून सांगितलं की टीम जिंकली, तर त्याची बायको म्हणाली, की खरं काय ते सांगा.

इकडे सरांच्या पोटात दिवसभराचं सांत्वन साठलेलं. व्हरांड्यात समोरची हरलेली टीम मुसमुसत बसली होती. मुलीने अट घातली होती ती आपल्या टीमपुरती, परक्यांचं काय? सरांनी गोळ्या थुंकल्या आणि सुरू झाले. पाच मिनिटांत त्या मुली हसायला लागल्या. बातमी पसरली. त्या दिवशी हरलेल्या बाकीच्या टीमही येऊन बसल्या, एक पंचही मागे उभे राहिले. त्यांचं काय हरलं होतं कोण जाणे. मुलगी लांबून कमरेवर हात ठेवून बघत होती, मग जर्सी वाळली का ते पाहायला निघून गेली.

दुसरी फेरीही टीमने जिंकली, सरांच्या फुगलेल्या गालांच्या धाकावर. तिसऱ्या फेरीला समोर गतवर्षीच्या विजेत्या. सरांनी सवयीने गोळ्या तोंडात टाकल्या. पहिला सेट गेला. दुसरा टीमने ओढून आणला. आणि तिसऱ्या सेटच्या मध्यावर सरांच्या एकदम ध्यानात आलं, की तोंडात गोळी नाही, ती केव्हाच विरघळली, आणि तरीही आपण गप्प आहोत. आत सांत्वन येतच नव्हतं. हात मांडीखालून निघून गुडघ्यांवर आले होते. मुलगी सर्व्हिसला गेली की हे बाकावरून अर्धे उठायचे. ही जिंकेल, असं त्यांना वाटत होतं. हे वाटणं इतकं अवघड असतं याची त्यांना कल्पनाच नव्हती. इतकी वर्षं आपण फार स्वस्तात सुटलो, असंही त्यांच्या मनात आलं.

शेवटी स्कोअर तेरा-चौदा. एक पॉइंट गेला की संपलं. सर्व्हिस कॅप्टनची. तिने बॉल उंच उडवला, मारला आणि तो नेटमध्ये गेला.

समोरच्या मुली नाचायला लागल्या. आपल्या मुली बाकाजवळ येऊन बसल्या. व्हरांड्यातल्या सगळ्या हरलेल्या टीम आधीपासूनच जागा धरून उभ्या होत्या, सर काय बोलतात ते ऐकायला. मुलगी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने डोकं वर काढलं. कोर्टावर ती त्यांना सर म्हणायची, अहो-जाहो करायची, तिथे घरचं नातं आणायचं नाही असा तिचा दंडक होता. तो तिने मोडला.

"बाबा, आता बोल. आता चालेल."

सर उठले. सगळे सरसावले. टॉवरने रुमाल काढून ठेवला. सरांनी मुलीकडे पाहिलं आणि तोंडातून शब्द निघाले ते असे:

"नेटमध्ये का मारलीस गं?"

सूर्य नाही, मावळणं नाही, काही नाही. मुलीने टॉवेल खाली ठेवला.

"घाई झाली," ती म्हणाली.

"का पण घाई? कोण पाठीमागे लागलं होतं? जिंकत होतो ना आपण!"

सरांचे डोळे वाहत होते आणि ते रागावलेले होते, या खेपेला खरोखरचे. मुलीने नाक पुसलं. मग तीही भडकली, की मी पाय रेघेला लागेल म्हणून बघत होते, तुला काय जातंय बाकावर बसून बोलायला. सर म्हणाले, की रेघ होती हातभर लांब. ती म्हणाली, वीतभर. दोघंही उठून रेघेपाशी गेली आणि मोजायला लागली. सांत्वन ऐकायला आलेल्या टीम थोडा वेळ थांबल्या आणि हिरमुसून निघून गेल्या.

परतीच्या बसमध्येही भांडण चालूच होतं. बॉल उडवताना कोपर कुठे हवं यावर सर हातवारे करून सांगत होते, मुलगी त्यांना नियमांचं पुस्तक ऐकवत होती, आणि ड्रायव्हरने दोनदा दोघांना खाली बसायला सांगितलं. बाकीच्या मुली जरा बिचकूनच होत्या. टॉवरने हळूच कॅप्टनच्या कानाशी लागून विचारलं, की सर तुझ्यावर फारच चिडलेत, तुला वाईट वाटत असेल ना.

"चिडलाय ना?" मुलगी म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते, पण तोंडभर हसू होतं. "अगं, आजवर कधीच चिडला नव्हता."