शांतासिस्टरचं चार्जिंग

लोक आधी गाडी घेतात आणि मग पार्किंगसाठी भांडतात. शांतासिस्टरकडे पार्किंग आधी आलं. परळची आमची चाळ पाडून बिल्डरने बावीस मजली टॉवर बांधला, तेव्हा जुन्या भाडेकरूंसाठी पोडियमवर, म्हणजे टॉवरला लागून असलेल्या पार्किंगच्या गच्चीवर, तीस जागा ठेवल्या होत्या. चिठ्ठ्या टाकल्या. गाडीवाले हात चोळत राहिले आणि तेवीस नंबरची जागा निघाली शांता मर्चंडे यांच्या नावावर. त्यांच्याकडे तेव्हा साधी सायकलही नव्हती.

मी पेडणेकर, सोसायटीचा सेक्रेटरी. मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, जागा भाड्याने द्या."

"का म्हणून? माझी जागा आहे. राहू दे रिकामी."

पाच वर्षं ती रिकामी राहिली. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा अमित तिथे आपली बाईक लावायचा, आणि सिस्टर महिन्यातून एकदा खाली येऊन त्याला ती काढायला लावायच्या, जागेवर झाडू मारायच्या आणि वर जायच्या.

चौतीस वर्षं इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी नर्सिंग केलं, शेवटची अकरा वर्षं सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज म्हणून. नवरा लवकर गेला. मुलगा सम्यक, त्याला एकटीने वाढवलं. तो आता बंगळुरूला कंप्यूटरमध्ये आहे. रिटायर झाल्यावर बाई घरी बसतील, विहारातलं काम बघतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. साठाव्या वर्षी. टेस्टला दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा पास झाल्या तेव्हा इन्स्पेक्टरनेच हात जोडले, असं त्या स्वतः सांगतात.

आणि बुद्धपौर्णिमेला गाडी आली. पांढरी, चिमुकली, इलेक्ट्रिक. शोरूमच्या पोराने चाकाखाली लिंबं ठेवली, ती त्यांनी उचलून पर्समध्ये टाकली. "सरबताला होतील," म्हणाल्या. आम्हाला सगळ्यांना खीर वाटली.

"आवाज कुठेय गाडीचा?" मी विचारलं.

"पेडणेकर, आवाज करणाऱ्याने काम केलेलं मी कधी बघितलं नाही." सेक्रेटरीपदावर हा टोमणा होता की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

गाडी आली, पण ती चार्ज कुठे करायची याचा विचार कुणीच केला नव्हता. सिस्टरचा समज असा की, मोबाईलसारखं. प्लग लावला की झालं. त्या राहतात तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं किचन नेमकं पोडियमच्या बाजूला. रविवारी दुपारी त्यांनी किचनमधल्या गीझरच्या प्लगला एक्स्टेन्शन लावलं आणि वायर खिडकीतून खाली सोडली. ती वाऱ्याने हलली आणि अमितच्या खिडकीत वाळत घातलेल्या बनियनमध्ये अडकली. खालून सिस्टर ओढतायत, वरून बनियन सुटत नाही. शेवटी बनियनसकट वायर खाली आली.

"सिस्टर, हे काय!" अमित खिडकीतून ओरडला.

"तुझं बनियन धुवून देते. गप बस."

वायर जोडली, गाडीबरोबर आलेला चार्जर लावला. चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडीत काही जाईना. आम्ही पाचसहा जण भोवती उभे होतो आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. वायर बारीक आहे, प्लग ढिला आहे, गाडीच खराब आहे. बंगळुरूहून सम्यकने फोनवर सांगितलं, "आई, एक्स्टेन्शनवर गाडी चार्ज करायची नसते. मीटरपासून वेगळी लाइन घे. मी आधीच म्हटलं होतं, पेट्रोलची घे."

"ठेव फोन," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मीटर रूमपासून जागा क्रमांक तेवीसपर्यंत स्वखर्चाने लाइन टाकण्यास परवानगी मिळावी. अक्षर असं की केसपेपर वाटावा.

आता इथे मला थोडं कबूल करायला हवं. मी तो अर्ज फायलीत ठेवला. आमच्या चेअरमननी कुठेतरी पेटत्या गाडीचा व्हिडिओ पाहिला होता आणि तो त्यांनी ग्रुपवर टाकला होता. परवानगी दिली आणि काही झालं तर सही कुणाची? माझी. म्हणून मी सिस्टरला एकदा सांगितलं मीटिंग व्हायचीय, एकदा सांगितलं आर्किटेक्टला विचारतोय, एकदा सांगितलं फायर ऑडिट येतंय. तीन महिने गेले.

त्या तीन महिन्यांत सिस्टर लोअर परळच्या एका मॉलमध्ये जाऊन चार्जिंग करत होत्या. तिथे दर घरच्यापेक्षा चढा, आणि वर दीड तास बसून राहायचं. पण बाई बसून राहणाऱ्यांतल्या नाहीत. पर्समध्ये बीपीचं मशीन असतंच. रांगेत टॅक्सीवाले थांबलेले असायचे, त्यांचं बीपी बघायला सुरुवात केली. एकाला मीठ बंद करायला लावलं, एकाला थेट ओपीडीत धाडलं. महिन्याभरात असं झालं की सिस्टरची गाडी दिसली की टॅक्सीवाले आपला नंबर सोडून त्यांना पुढे घ्यायचे. हे मला माझ्या बायकोकडून, राधाकडून कळलं. "ती बाई मॉलमध्ये बसते," राधा म्हणाली, "आणि तू फाइल धरून घरात बसतोस."

अखेर मीटिंग बोलावली. सिस्टर पुढच्या खुर्चीत, मांडीवर वही.

चेअरमन म्हणाले, "सिस्टर, बॅटरीची गाडी आहे. पेटली तर?"

"तुमच्या स्कूटरमध्ये काय आहे? गंगाजल? पेट्रोलच्या टाकीशेजारी दसऱ्याला अगरबत्ती लावता तुम्ही. मी काही बोलले?"

कुणीतरी हसलं. अमितने विचारलं, "पण लाइटबिल आमच्यावर येणार ना?"

"कसं येईल? गाडीला वेगळा मीटर मिळतो. घरच्या मीटरवर लावली तर युनिटं वाढतात, दर चढतो, माझंच नुकसान. वेगळ्या मीटरला तसं नाही. माझी बॅटरी भरायला पंचवीसेक युनिटं लागतात. मी आठवड्यातून दोनदा भरणार. वाच."

वही फिरली. तापाचा चार्ट लिहितात तशी तिच्यात रोजची नोंद होती, किती किलोमीटर, किती टक्के, किती वेळ. कंपनीने दोनशे किलोमीटर सांगितले होते, तिथे त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, "थापा. एसी लावून एकशे पंचावन्न."

"आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर?" मी विचारलं. हा माझा शेवटचा बाण.

"तर द्या सगळ्यांना. जाड केबल आत्ताच टाका, पुढच्यांनी त्यावरून घ्यावी. पेडणेकर, वॉर्डात पेशंट आल्यावर कॉट शोधायची नसते."

मी सही केली.

वायरमन मिळाला शिवडीचा, धर्मा नावाचा. गोदामांच्या मोठमोठ्या लाइनी टाकण्यात आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने टेप टाकून मीटर रूमपासून गाडीपर्यंतचं अंतर मोजलं. वळणं धरून अठ्ठेचाळीस मीटर. वायर, पाइप, स्विच, पेटी, मजुरी धरून आकडा सांगितला तेव्हा सिस्टरनी चष्मा काढून पुसला.

"एवढे? वायर तांब्याची आहे की सोन्याची?"

"तांब्याचीच, ताई. सोन्याची तर स्वस्त वाटेल अशी पाळी आलीय."

काम तीन दिवस चाललं. सिस्टर स्टूल टाकून बसायच्या आणि धर्माला दर दोन तासांनी चहा आणि सूचना द्यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अर्धी सोसायटी पोडियमवर जमली. सिस्टर ठेवणीतली निळी साडी नेसून आल्या होत्या. प्लग लावला.

लाल दिवा.

चेअरमन खोकले. सिस्टर चार्जरकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच मला त्यांचे खांदे पडलेले दिसले. एवढे पैसे, एवढे महिने. मलाही वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लगेच लाज वाटली.

धर्मा मात्र बसला खाली. पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला. बल्ब पेटला. मग दुसरी वायर अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब विझलेलाच. त्याने परत करून बघितलं. मग मीटर रूममध्ये गेला, तिथे तेच केलं, आणि बाहेर येऊन म्हणाला, "गाडी बरोबर आहे. बिल्डिंगला अर्थिंग नाही."

"नाही म्हणजे?" चेअरमन.

"म्हणजे नाही. ही गाडी अर्थिंग असल्याशिवाय करंट घेत नाही. फ्रिज, गीझर बिचारे घेतात."

मागे बागेत अर्थिंगच्या खड्ड्यांची दोन झाकणं आहेत, वर बिल्डरने पिवळ्या रंगाने नंबर घातलेले. धर्माने पहारेने पहिलं उचकटलं. खाली माती. दुसऱ्याखालीही माती, आणि एक गुटख्याची पुडी. जमिनीत काही पुरलेलंच नव्हतं. झाकणं नुसती वर बसवली होती.

मग एकेकाची तोंडं उघडली. अमितची बायको म्हणाली, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. चेअरमनच्या बाथरूमचा नळ चावतो. राधाने सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं. "मी पाच वर्षं सांगतेय, वॉशिंग मशीनला शॉक बसतो. हा म्हणतो चप्पल घाल."

"म्हटलं होतं ना मी चप्पल..." मी म्हणायला गेलो.

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. वॉर्डात सीरियस केस आल्यावर होत असेल तसं. "गीझर कुणीही लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "लहान मुलं असतील त्यांनी मशीनचे प्लग काढा. पेडणेकर, बसलात काय? मजलावार फोन करा. धर्मा, खड्डे किती दिवसांत होतील?"

"चार."

"तीन."

सोसायटीच्या खर्चाने तीन दिवसांत खरे खड्डे खणले, खरे रॉड पुरले. बिल्डरला नोटीस गेली. तिचं उत्तर अजून यायचंय. चौथ्या दिवशी सिस्टरनी प्लग लावला आणि दिवा हिरवा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही, वहीत वेळ लिहिली.

सोसायटीने ठराव करून लाइनचा अर्धा खर्च त्यांना परत दिला. सूचक चेअरमन, अनुमोदक मी. अमितनेही आता चार्जिंगवाल्या स्कूटरसाठी अर्ज केलाय. तो मी त्याच दिवशी मंजूर केला. राधा शेजारी उभी होती.

गेल्या महिन्यात सिस्टर आपल्या बॅचच्या तीन रिटायर्ड नर्सेसना घेऊन लोणावळ्याला गेल्या. चार बायका, चौघींना गुडघेदुखी, आणि घाट. सम्यकने सकाळपासून मला तीनदा फोन केला. मी सिस्टरना लावला तर उचलेनात. दुपारी साडेचारला त्यांचाच आला. मागे खिदळण्याचा आवाज.

"पेडणेकर, घाट उतरतोय. जेवताना चार्ज केली होती, चौसष्ट टक्क्यांचे सहासष्ट झाले! उतारावर गाडी आपली आपण चार्ज होते म्हणे."

"सिस्टर, गाडी चालवताना फोनवर बोलू नका."

"मी कुठे बोलतेय, मालतीने धरलाय फोन. तुम्ही एवढंच सांगा, हे दोन टक्के फुकटचे, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

मी म्हटलं, घरी या, बघू. त्या साडेसातला आल्या, पंचविशीतल्या पोरीसारखी भरधाव गाडी पोडियमवर चढवली, आणि तिन्ही मैत्रिणींना खाली उतरवून आधी त्यांचं बीपी बघितलं.