गुंडप्पा सरांचा चालू काळ

निलंग्यात गुंडप्पा सरांच्या घरावरून संध्याकाळी जाणाऱ्याला आधी झाडूचा आवाज यायचा आणि मागून इंग्रजी. "आय ॲम स्वीपिंग द फ्लोअर!" असं एखादी पोरगी ओरडायची आणि खरोखरच ओसरी झाडत असायची.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी घरीच शिकवणी काढली होती. चालू वर्तमानकाळ शिकवायची त्यांची तऱ्हा न्यारी. हातात काम चालू असल्याशिवाय क्रियापदाला 'आयएनजी' लावायचं नाही. वाक्य चुकलं तर काम थांबवायचं नाही. बरोबर आलं की सर म्हणायचे, "बरोबर, ऊठ."

यात सरांचा काही डाव होता असं कुणी म्हणू नये. पण चालू काळाच्या दिवसांत घरातली तूर निवडून व्हायची, लसूण सोलून व्हायचा, रांजण भरायचा. साधा भूतकाळ लागला की सगळं पुन्हा सरांच्या बायकोच्या, पार्वतीबाईंच्या गळ्यात. सरांची स्वतःची उदाहरणं दोनच होती, "आय ॲम सिटिंग" आणि "आय ॲम ड्रिंकिंग टी". तीही ते अगदी प्रामाणिकपणे, खुर्चीत बसून, पार्वतीबाईंनी आणून दिलेला चहा पीतच सांगत.

यंदा बसस्टँडजवळ मोठ्या पडद्याचा नवा क्लास निघाला आणि सरांची पोरं गळायला लागली. उरलेली सगळी सृष्टी नावाच्या एका पोरीच्या मागं मागं येणारी. ती गेली की ओसरी रिकामी, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या ओसरीत संध्याकाळी एकट्यानं बसायचं, हे त्यांना नकोच होतं.

आणि नेमकी सृष्टीची आजी, सरजाबाई, एका संध्याकाळी दारात उभी राहिली. आत नात तूर निवडत होती.

"सर, पोरीला इंग्रजी शिकाया धाडलं की तूर निवडाया? ही तर आमच्या घरी बी हाय. उद्यापासून ती स्टँडवरच्या क्लासला जाईल."

सरांचा चहा पेल्यातच निवला. "आजी, ही पद्धत हाय. हाताला कळलं की जिभेला कळतं."

"असं व्हय? मग तुमी करून दावा की. भाकरी करा. बघू द्या तुमची पद्धत."

पोरं खुदकन हसली. सरांना माघार घेता येईना. पार्वतीबाईंनी काठवट पुढं सरकवली, पीठ काढलं, तवा तापत ठेवला आणि त्या बाजूला झाल्या. सरांनी कसंबसं पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला आणि मान वर करून ऐटीत म्हणाले, "आय ॲम मेकिंग भाकरी."

"पण सर, तुमचा हात थांबलाय," सृष्टी म्हणाली.

खरंच थांबला होता. सरांनी हात चालवला तर वाक्य अडलं. वाक्य सुटलं तर हात जागच्या जागी. तिकडं भाकरीच्या कडेला चिरा पडल्या. पोरांना तर पर्वणीच! "थांबू नका सर! वाक्य येईपर्यंत थांबायचं नाही!" मग त्यांनीच सरांच्या वतीनं सुरू केलं. सर इज मेकिंग भाकरी. सर इज ब्रेकिंग भाकरी. सर इज स्वेटिंग. सृष्टी तर न अडखळता एकामागून एक रचत गेली, सरांच्या धोतराला लागलेल्या पिठापासून तव्यावरच्या धुरापर्यंत.

सरजाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "पोरगी फाडफाड बोलून ऱ्हायली की! बरं, ऱ्हाऊ द्या तिला हितंच. पण काम तुमी करायचं आन् पोरांनी बोलायचं. हाय कबूल?"

"हाव, कबूल," सर म्हणाले. जीव भांड्यात पडला होता.

मग पोरांनी त्यांना चहाही करायला लावला. चहा झाल्यावर सृष्टीनं पार्वतीबाईंचा हात धरून त्यांना सरांच्या खुर्चीत बसवलं आणि पेला हातात दिला. त्या अवघडून अगदी कडेला टेकल्या. एक घोट घेतला. मग हळूच मागं टेकल्या.

"काकू इज सिटिंग," सृष्टी म्हणाली. "काकू इज ड्रिंकिंग टी."

वाक्यात खोट नव्हती. इतकी वर्षं या ओसरीत इतकी वाक्यं झाली आणि हे एक कधी झालं नव्हतं. सरांना मनापासून वाईट वाटलं. पार्वतीबाई मात्र सवयीनं "बरोबर, ऊठ" ची वाट बघत होत्या. पेला ठेवून उठायच्या बेतातच होत्या.

"चुकलं," सर घाईघाईनं म्हणाले. "पुन्हा म्हण."