कडेची रोपं

मिरचीच्या वावरात मधली रोपं मेली की माझे वडील कडेची दाट रोपं उपटून तिथे लावत. आमच्याकडे याला नांग्या भरणं म्हणतात. म्हातारपणी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही, मात्र कडेचं दिसत राहील.

वडील लगेच म्हणाले, "कडेनं चांगलं शे ना? मंग तठलं काढीसन मधमा लाई द्या."

डॉक्टर हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना एसटीत मी खेकसलो, "आबा, डोया काय मिरचीनं वावर शे का?"

तेव्हापासून मी समोर बसलो की ते तोंड फिरवत. म्हटलं, धरा राग. मीही बोलणं कमी केलं, ते शेवटपर्यंत.

ते गेल्यावर काही वर्षांनी पेपरात वाचलं, परदेशातले डॉक्टर पडद्याच्या कडेच्या पेशी काढून मध्यभागी लावून बघताहेत. खाली रोगाची माहिती होती. अशा रोग्याला समोरचा माणूस नीट बघायचा असला, की तो तोंड दुसरीकडे फिरवतो.