गच्चीवरच्या गोधड्या

गच्चीवर काम करणाऱ्या माणसाची एक गोची असते. खाली उतरला की कुणी ना कुणी विचारतंच, "काय, आज काय झालं वर?" आणि रोज काहीतरी झालेलंच असतं. बारामतीजवळच्या एका विद्यापीठाच्या सगळ्या इमारतींवर आम्ही सोलर बसवत होतो. इमारत बदलली की नवा किस्सा. सुरुवातीला मी घरी जेवताना सांगायचो, बायको हसायची. आता तोंड उघडलं की ती म्हणते, "तो नको, दुसरा सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण ओळीनं सांगणार. मधूनच उठायचं नाही.

*

आमची टीम लहान. मी सुपरवायझर. कळंबचे भीमराव आबा मुख्य फिटर, आणि त्यांचा जोडीदार किसन, निमगाव केतकीचा, तोंडाचा फटकळ.

सोलरचं एक वाईट असतं. घरातला खटका बंद केला की लाईट मेली. पॅनलचं तसं नाही. ऊन आहे तोवर करंट आहे, खाली कितीही खटके पाडा. म्हणून वायरी जोडायच्या आधी पॅनल झाकायचे. कंपनीची ताडपत्री वाऱ्यानं उडायची, म्हणून आबा घरच्या जुन्या गोधड्या आणायचे. शालनकाकूंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, त्या गोधड्यांना कडेनं नाड्या शिवून दिल्या होत्या. "निजवलं का रं समद्यांला?" असं आबा किसनला विचारायचे आणि मगच हात घालायचे.

मुलींच्या हॉस्टेलवर काम चाललं होतं. तिथं गच्चीत कपडे वाळत घालायला सक्त बंदी. रेक्टर मॅडमनी खालून गोधड्या पाहिल्या आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींना मेसच्या दारात उभं केलं. "कुणाच्या आहेत त्या?" कुणीच कबूल होईना. मुली रडकुंडीला आल्या. तेवढ्यात आबा जिन्यावरून उतरले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, त्या माज्या हायत."

मॅडम तावातावानंच वळल्या. "रूम नंबर?"

*

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सुर्वे साहेब, पुण्याहून यायचे. माणूस वाईट नव्हता, पण फोटोचं भारी वेड. कंपनीच्या ग्रुपवर रोज फोटो पडला पाहिजे.

एकदा वर्कशॉपच्या गच्चीवर ते पांढरी कोरी हेल्मेटं घेऊन आले. कमरेचे सेफ्टीचे पट्टेही आणले. आम्हाला सगळं चढवलं, ओळीत उभं केलं, आबांना मधे घेतलं. "आबा, हसा जरा." आबा हसले. फोटो झाला. साहेबांनी हेल्मेटं परत मागितली, पट्टे सोडून घेतले, डिकीत ठेवले.

किसन म्हणाला, "साहेब, आता आमी पडायचं का?"

साहेब हसले. आम्हीही हसलो. त्या दिवशी ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

*

लायब्ररी ही शेवटची इमारत. साहेबांनी वरून फोटो काढायला ड्रोनवाला बोलावला होता. मी खाली इन्व्हर्टरपाशी होतो. किसन वायरचं बंडल आणायला टेम्पोकडं गेला होता. वर आबा आणि साहेब, दोघंच.

ड्रोनवाला खाली मैदानात होता. ड्रोन उडाला तो मी पाहिला. मग वर एकदम फट्ट झालं, फटाका फुटावा तसं, आणि आबा सायकल स्टँडच्या पत्र्यावर येऊन पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली होती. तो हात मी धरून बसलो होतो, टेम्पोत, सगळा रस्ता.

संध्याकाळी वर गेलो. गोधड्या जिन्याच्या दाराशी घडी घालून ठेवलेल्या. पॅनल उघडे, चकचकीत.

आता प्रश्न एवढाच की गोधड्या काढल्या कुणी. आबा आपणहून उघड्या पॅनलच्या वायरीला हात लावणार नाहीत, हे मला आणि किसनला ठाऊक. फोटोत घाण दिसतं म्हणून कुणी काढायला लावल्या असतील, तर ते सांगणारा एकच माणूस; ड्रोन उडाला तेव्हा गोधड्या आधीच निघाल्या होत्या. साहेब म्हणाले, "मी फोनवर होतो. आबांना चक्कर आली असेल."

*

विद्यापीठानं शोकसभा ठेवली. आबांचा फोटो हवा होता. घरी लग्नातला एक होता, तो फार जुना. मग कंपनीनं ग्रुपवरचा फोटो मोठा करून पाठवला. टेबलावर हार घातलेले आबा, डोक्यावर पांढरं हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि हसतायत.

मागच्या रांगेत दोन क्लार्क बसले होते. एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "एवढं सगळं घातलं होतं, तरी मेला?"

मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण दोन मिनिटं शांतता चालू होती.

*

चक्कर आली, हे कळंबला पोचेपर्यंत पिऊन चढला होता असं झालं. आबा, पित्तामुळं चहासुद्धा न घेणारा माणूस! आम्ही गावात जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, "तुमी त्याचंच दोस्त, तुमी तसंच म्हननार." शालनकाकू ओसरीवर यायच्या बंद झाल्या. भेटायला गेलो की एकच विचारायच्या, "साहेब काय म्हनलं का?"

निमगावच्या बाजारात एक कांदेवाला सहज बोलून गेला, "दारू पिऊन गच्चीवर चढल्यावं दुसरं काय हुनार?" किसननं त्याची हातगाडीच उलटी केली. लोक धावले. आणि मग किसन खाली बसला आणि एकेक कांदा वेचून परत भरायला लागला. रडत होता आणि भरत होता. कांदेवाला बिचारा त्यालाच पाणी द्यायला लागला.

*

आता हा शेवटचा. बायको 'तो नको' म्हणते तो.

आबांचा दहावा नीरेच्या काठी होता. निम्मं गाव आलं होतं. साहेबही आले, कंपनीनं पाठवलं असावं. गाडीपाशी गॉगल लावून उभे राहिले.

पिंड मांडला, सगळे मागं सरकले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. आबांचे भाऊ पुढं झाले, "दादा, वहिनीला काय कमी पडू देनार न्हाय." काही नाही. पोरगा म्हणाला, "आबा, मी आईजवळच हाय." काही नाही. किसन म्हणाला, "आबा, लायब्ररीचं काम आमी पुरं करतो." कावळे तसेच. ऊन चढलं. लोक चुळबुळ करायला लागले. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या आता, चालतं."

"थांबा," काकू म्हणाल्या. त्या उठल्या आणि सरळ साहेबांकडं बघितलं. "साहेब, तुमी सांगा त्यास्नी."

सगळं गाव वळून बघायला लागलं. साहेबांनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग गॉगल काढला, बूट काढले आणि वाळूतून चालत पुढं आले. पिंडापाशी उकिडवे बसले, खाली वाकले आणि काहीतरी बोलले. ओठ हलताना मी पाहिले. मागं बसलेल्या आम्हा कुणालाच एक शब्द ऐकू आला नाही.

ते उठून दोन पावलं मागं सरकले आणि कावळा उतरला. भाताला चोच लावली.

लोक आंघोळीसाठी उठायला लागले. साहेब बूट शोधायला लागले. काकू मात्र त्यांच्या वाटेत तशाच उभ्या होत्या.

"कावळ्याला सांगितलं साहेब," त्या म्हणाल्या. "आता मागं फिरा आन् गावालाबी सांगा."