शाळा सुटेपर्यंत

पोलिसांतल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यातली ती मुलगी अजून मनातून जात नाही.

वय अकरा. शेळ्या घेऊन गेली आणि दुपारी नुसत्या शेळ्याच परतल्या. बाप धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, माजी पोर कुनीतरी नेली."

अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. तो नोंदवला. मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवला. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा पट कमी म्हणून नुकतीच बंद झाली होती, हे पोलीस पाटलांकडून कळलं. दुसरी शाळा रान आणि ओढा ओलांडून. गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांची मुलं भोरला खोली करून इंग्रजी शाळेत शिकत होती. त्यामुळे शाळेला कुलूप लागलं तेव्हा कुणी ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो पाहून कापूरहोळच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. अशी मुलगी एका म्हातारीबरोबर टेम्पोत बसताना त्यानं पाहिली होती. टेम्पोवाल्याला ठाण्यात आणलं. तो म्हणाला, "साहेब, सारोळ्याला पुलापाशी सोडलं दोगींना. पोरगी रडत न्हवती. उलट रस्त्याकडंच्या पाट्या मोठ्यानं वाचत व्हती." त्याचं बोलणं मला खरं वाटलं. पण ही म्हातारी कोण, हे बापालाही सांगता येईना.

त्या संध्याकाळी वाडीवर गेलो. मूल हरवलेली आई जीप दिसताच धावत येते, असा माझा अनुभव. ही चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. 'सापडली का?' हे तिनं एकदाही विचारलं नाही. मी बापाला घेऊन बाहेर थांबलो आणि आमच्या महिला हवालदारांना आत बसवलं. त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली, मग हळूच म्हणाल्या, "ताई, पोर सुखात हाय ना?"

बाईचा बांध फुटला. "म्याच धाडली. थोरल्या दोगी शेरडांमागं ऱ्हायल्या. ही वाचती, ताई. म्या कुटं गेले तर कंची गाडी, कुटं जाती, लोकास्नी इचारत बसते. हिला न्हाई इचारावं लागायचं. मालक म्हनलं, शाळा बंद, आता हिचंबी शिक्षान बंद."

म्हातारी म्हणजे वाडीतल्या त्या बंद शाळेत खिचडी शिजवणारी बाई. शाळा बंद झाल्यावर ती सारोळ्याला लेकाकडं गेली होती.

सकाळी बापाला घेऊन सारोळ्याला पोचलो. म्हातारी दारातच होती. पळाली नाही की रडली नाही. "पोर शाळंत हाय. मास्तरांनी दाखला नसतानाबी बसू दिलं. आदी शाळा सुटू द्या, मग घाला बेड्या."

आम्ही शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. आतून पाढ्यांचा गलका येत होता. बाप मुठी आवळून बसला होता. हा पोरीवर हात उगारणार, या भीतीनं मी त्याच्या शेजारीच बसलो.

घंटा झाली. मुलगी बाहेर आली आणि आम्हाला पाहून जागीच थबकली. बाप उठला. 

"जेवलीस का?" एवढंच त्यानं विचारलं.

"व्हय. आज आंडं व्हतं."

तो मटकन खाली बसला आणि टोपीनं डोळे पुसू लागला. मुलगी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

जबाब झाले, मुलीला बालकल्याण समितीपुढं नेलं, गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला. आईबापांच्या संमतीनं मुलगी म्हातारीकडंच राहिली. निघताना बाप तिला म्हणाला, "सुट्टीला ये. शेरडं तुजी याद काडत्यात."

त्यानंतर मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की मी आधी विचारायचो, पोर शाळेत जात होतं का? 'शाळा बंद झाली' असं उत्तर आलं, तर आरोपीच्या मागं लागण्याआधी जवळच्या चालू शाळेत पोर बसलंय का, ते पाहून यायचो.